लघु आरएनए व सस्तन प्राण्यांतील जीन शमन

सु. २० ते ३० न्यूक्लिओटाइडे एवढ्याच लांबीचे रिबोन्यूक्लिइक अम्लाचे (आरएनएचे) रेणू आपल्याला पूरक असा क्षारक क्रम असलेला संदेशक आरएनए हुडकून त्याचा नाश घडवून आणतात वा त्यापासून प्रथिन तयार होऊ देत नाहीत. या क्रियेला जीन शमन किंवा आरएनए हस्तक्षेप असे म्हणतात. या क्रियेत खुद्द जीनाला (आनुवंशिक घटकाला) कोणतीही इजा होत नाही. डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लातील (डीएनएतील) क्षारक क्रम जसाच्या तसा राहतो, त्याचा संदेशही लिहिला जातो. पण तो प्रथिननिर्मितीपर्यंत टिकत नाही. म्हणून जीन शमन हे उत्परिवर्तन नव्हे. लघु रेणूंचा प्रभाव ओसरला की, जीनाचे कार्य पूर्ववत सुरू होते.

सस्तन प्राण्यांत अशा लघु आरएनएंचे तीन वर्ग आढळतात. मायक्रो-आरएनए हे कोशिकेच्या स्वतःच्या जीनांपासून तयार होतात व जवळजवळ सर्व ऊतकांत असतात. लघु हस्तक्षेपी आरएनए हे लांब द्विसूत्री आरएनएचे तुकडे होऊन बनतात अथवा प्रयोगशाळेत संश्लेषित करून कोशिकेत घातले जातात. तिसरा वर्ग पिवी या प्रथिनांशी संलग्न असलेल्या आरएनएंचा असून तो मुख्यत्वे जनन कोशिकांपुरता मर्यादित आहे. प्रस्तुत नोंदीत पहिल्या दोन वर्गांचे विवेचन प्रामुख्याने केले आहे.

पूर्वेतिहास : या विषयाचा प्रारंभ फुलझाडांपासून झाला. पिट्यूनियाच्या फुलांचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून रिचर्ड जॉर्गेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगद्रव्याच्या निर्मितीस लागणाऱ्या एंझाइमाच्या जीनाची जादा प्रत त्या झाडात घातली. अपेक्षेच्या नेमके उलट घडले. अनेक झाडांना पांढरी वा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली (१९९०). बाहेरून घातलेला जीन तर मुका राहिलाच, पण झाडाचा मूळचा जीनही त्याने मुका केला. यानंतर दोनच वर्षांनी न्यूरोस्पोरा या बुरशीतही असाच प्रकार आढळला. १९९५ मध्ये सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीवर प्रयोग करणाऱ्यांच्या असे ध्यानात आले की, एखाद्या संदेशाला पूरक असा आरएनए टोचला असता जो परिणाम होतो, तोच परिणाम संदेशासारखाच आरएनए टोचला असताही होतो. पूरक सूत्र संदेशाला चिकटून त्याला निष्क्रिय करते, या तोपर्यंतच्या सरळ कल्पनेत ही गोष्ट मुळीच बसत नव्हती.

या कोड्याचा उलगडा अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये केला. स्नायूंतील एका प्रथिनाच्या जीनाशी जुळणारा आरएनए त्यांनी सूत्रकृमीस टोचला. एकेरी सूत्रे टोचली असता परिणाम जेमतेमच झाला. परंतु दोन पूरक सूत्रे जुळवून केलेला द्विसूत्री आरएनए टोचताच कृमी झटके देऊ लागले. हा जीन उत्परिवर्तनाने निकामी झालेल्या कृमींत हेच लक्षण दिसते. पूर्वीच्या प्रयोगांत एकसूत्री म्हणून वापरलेल्या आरएनएमध्ये द्विसूत्री रेणूंची थोडी भेसळ होती आणि कार्य त्या भेसळीने केले होते. दर कोशिकेस मोजके रेणू पुरतात, यावरून संदेशाला नुसते चिकटून बसण्यापलीकडचे काहीतरी घडत असले पाहिजे, हेही उघड झाले. या शोधाबद्दल दोघांना २००६ सालचे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सस्तन कोशिकांतील अडचण : सूत्रकृमीत व फळमाशीत सहज साधणारा हा प्रयोग मनुष्याच्या किंवा उंदराच्या कोशिकांवर केला असता फसत असे. याचे कारण या कोशिकांच्या संरक्षणव्यवस्थेत आहे. निरोगी कोशिकेच्या द्रव्यात लांब द्विसूत्री आरएनए सहसा नसतो. पुष्कळ व्हायरसांची वाढ होताना मात्र तो तयार होतो. त्यामुळे असा रेणू दिसताच सस्तन कोशिका ते संसर्गाचे चिन्ह मानते. सु. ३० क्षारक जोड्यांहून लांब द्विसूत्री आरएनएमुळे एक एंझाइम कार्यान्वित होऊन ते प्रथिननिर्मितीच्या प्रारंभास आवश्यक असलेल्या घटकास फॉस्फेट गट जोडते आणि सगळ्याच प्रथिनांची निर्मिती थंडावते. दुसऱ्या एका मार्गाने आरएनएचे सरसकट तुकडे करणारे एंझाइम जागृत होते. याखेरीज इंटरफेरॉन या संरक्षक प्रथिनांचे उत्पादन सुरू होते व कोशिका अनेकदा स्वतःच मरून जाते. एकच दिवा मालवायला जावे आणि साऱ्या घराची वीज जावी, असा हा प्रकार होय. असल्या गोंधळात एखाद्या विशिष्ट जीनाचे शमन झाले की नाही, हे पाहणेच अशक्य होई. या नियमाला एक अपवाद मात्र २००० मध्येच आढळला होता. उंदराच्या अंडकोशिकेत व अगदी आरंभीच्या भ्रूणात ही संरक्षक प्रतिक्रिया दुर्बल असते. तेथे लांब द्विसूत्री आरएनए टोचूनही नेमके शमन घडून येते. सस्तन कोशिकेत शमनाची यंत्रणा आहे, परंतु तिच्याकडे जाणारा रस्ता अडलेला आहे, असे त्यावरून सूचित झाले.

तो रस्ता मोकळा होण्यास वनस्पतींवरील व फळमाशीवरील संशोधन उपयोगी पडले. जीन शमन झालेल्या वनस्पतींत सु. २५ न्यूक्लिओटाइडांचे आरएनए आढळतात, असे अँड्र्यू हॅमिल्टन व डेव्हिड बॉलकोम यांनी १९९९ मध्ये दाखविले. पुढील वर्षी फळमाशीच्या भ्रूणांच्या अर्कात लांब द्विसूत्री आरएनएचे २१ ते २३ न्यूक्लिओटाइडांचे तुकडे होतात, असे दिसून आले. हे तुकडे करणारे डायसर हे एंझाइम २००१ मध्ये ओळखण्यात आले. तेव्हा कोशिकेला लांब रेणू देण्याऐवजी आयते तुकडेच दिले, तर धोक्याची घंटा वाजणार नाही आणि शमन मात्र होईल, असा तर्क करता येत होता.

जर्मनीतील गटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत टोमास टुश्ल, सायदा एल्बाशिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा तर्क कसोटीस लावला. प्रत्येकी २१ न्यूक्लिओटाइडांची दोन सूत्रे त्यांनी संश्लेषित केली. ती जुळली म्हणजे मध्ये १९ क्षारक जोड्या होत व दोन्ही टोकांना दोन-दोन न्यूक्लिओटाइडे मोकळी राहत. डायसरने केलेल्या तुकड्यांची ठेवण अशीच असते. मनुष्य, माकड व उंदीर यांच्या संवर्धित कोशिकांत प्रकाश निर्माण करणाऱ्या एंझाइमांचे दोन निरनिराळे जीन घालून त्यांपैकी एकाविरुद्ध हे तुकडे दिले असता तेवढाच जीन मंदावला. दुसरा अबाधित राहिला. तुलनेसाठी ५० व ५०० क्षारक जोड्यांचे द्विसूत्री आरएनए दिले, तेव्हा दोन्ही जीन सरसकट मंदावले. मानवी कोशिकेच्या केंद्रकाच्या आवरणाखाली असणाऱ्या लॅमीन या प्रथिनाचेही असेच शमन करता आले. २४ मे २००१ रोजी हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्याचा क्षारक क्रम ठाऊक आहे असा कोणताही मानवी जीन काही दिवसांसाठी मुका करून त्याचे कार्य काय ते पाहण्याची सोय त्यामुळे झाली. मानवी जीनसंचाचा पहिला मसुदा त्याच वर्षी उपलब्ध झाला होता, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे.

यंत्रणा : द्विसूत्री लघु आरएनए कोशिकाद्रव्यात पोहोचल्यावर आर्गोनॉट या प्रथिनात बसविला जातो. दोन सूत्रांपैकी एकच सूत्र या प्रथिनात कायम राहते. त्याला मार्गदर्शक सूत्र म्हणतात. दुसरे, सहप्रवासी सूत्र तोडून टाकून दिले जाते. कोणते सूत्र ठेवायचे, हे पुष्कळसे टोकांच्या बळकटीवरून ठरते. ज्या सूत्राचे पाच-प्राइम टोक अधिक सैलपणे जुळलेले असते, त्याची निवड बहुधा होते. मार्गदर्शक सूत्र व आर्गोनॉट मिळून जो क्रियाशील समुच्चय बनतो, त्याला शमनकारी समुच्चय असे म्हणता येईल.

मनुष्यात चार आर्गोनॉट प्रथिने आहेत. त्यांपैकी संदेशाचे छेदन करण्याचे काम प्रामुख्याने आर्गोनॉट-२ हे करते, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. त्याच्या एका भागाची घडण आरएनए-डीएनए संकरातील आरएनए तोडणाऱ्या एका जुन्या परिचित एंझाइमासारखी असून छेदनास मॅग्नेशियम आयन लागतात. मार्गदर्शक सूत्र संदेशाशी पूर्णपणे जुळले, तर मार्गदर्शकाच्या १० व्या व ११ व्या न्यूक्लिओटाइडांच्या समोर संदेश तुटतो. छेदाची ही जागा चुकत नाही. त्यामुळे प्रयोगातील शमन खरोखर याच मार्गाने झाले की अन्य कारणाने, हे तुटलेल्या टोकांवरून तपासता येते. संदेशाचे तुकडे कोशिकेतील नित्याची एंझाइमे खाऊन टाकतात. समुच्चय मात्र शाबूत राहतो व दुसऱ्या संदेशाचा शोध घेऊ लागतो. एकच समुच्चय याप्रमाणे अनेक संदेश तोडू शकत असल्याने अल्प मात्रेतही परिणाम मोठा होतो.

वनस्पती व सूत्रकृमी यांच्यात लघु आरएनएच्या नव्या प्रती काढणारे एंझाइम असते. त्यामुळे तेथे शमन एका कोशिकेतून दुसरीत व संततीतही पसरते. सस्तन प्राण्यांत अशी प्रत काढण्याची सोय नाही. घातलेले रेणू कोशिकाविभाजनाबरोबर वाटले जाऊन विरळ होतात. झपाट्याने वाढणाऱ्या संवर्धित कोशिकांत शमन आठवडाभरात ओसरते, तर यकृतासारख्या क्वचितच विभाजन होणाऱ्या कोशिकांत ते कित्येक आठवडे राहते. शमन दीर्घकाळ हवे असल्यास केसाच्या पिनेप्रमाणे दुमडणाऱ्या आरएनएचा जीनच कोशिकेत घालण्याची रीत २००२ पासून रूढ झाली आहे.

मायक्रो-आरएनए : आयते तुकडे वापरण्याची यंत्रणा सस्तन कोशिकेत सज्ज का असावी, या प्रश्नाचे उत्तर एका वेगळ्याच संशोधनातून मिळाले. १९९३ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस व गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी असे दाखविले होते की, सूत्रकृमीच्या वाढीचे टप्पे ठरविणारा लिन-४ हा जीन प्रथिन बनवीतच नाही, त्यापासून सु. २२ न्यूक्लिओटाइडांचा आरएनए तयार होतो आणि तो लिन-१४ या जीनाच्या संदेशाच्या शेवटच्या भागाशी अर्धवट जुळून त्याचे प्रथिन कमी करतो. सात वर्षे ही सूत्रकृमीपुरती एक गंमत मानली गेली. २००० मध्ये लेट-७ हा दुसरा असा आरएनए सापडला आणि तो मनुष्यासह अनेक प्राण्यांत जसाच्या तसा आढळला, तेव्हा या विषयाचे महत्त्व ध्यानात आले. ॲम्ब्रोस व रव्हकुन यांना २०२४ सालचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

मायक्रो-आरएनएचा मूळ रेणू केंद्रकात लिहिला जातो व स्वतःवरच दुमडतो. ड्रोशा हे एंझाइम त्याची मुळे छाटून सु. ६० ते ७० न्यूक्लिओटाइडांची पिन मोकळी करते. ड्रोशाचे हे कार्य दक्षिण कोरियातील व्ही. नॅरी किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. एक्सपोर्टिन-५ हे प्रथिन त्या पिनेला केंद्रकाबाहेर नेते. तेथे डायसर तिचे वळण कापून टाकते व उरलेला लघु द्विसूत्री रेणू आर्गोनॉटच्या स्वाधीन होतो. येथून पुढचा मार्ग हस्तक्षेपी आरएनएचाच आहे. ज्या उंदरांत डायसरचा जीन काढून टाकला, त्यांचे भ्रूण आरंभीच्या अवस्थेतच मरतात, यावरून या मार्गाची आवश्यकता लक्षात येते.

दोहोंतील फरक जुळणीत आहे. प्राण्यांतील मायक्रो-आरएनए आपल्या लक्ष्याशी क्वचितच पूर्णपणे जुळतो. मार्गदर्शकाच्या पाच-प्राइम टोकाकडील २ ते ८ या न्यूक्लिओटाइडांची जुळणी झाली की बहुधा पुरते. या भागाला बीज असे नाव आहे. मधला भाग न जुळल्याने छेद होत नाही. त्याऐवजी आर्गोनॉट इतर प्रथिनांना बोलावून घेतो. ती संदेशाची ॲडेनिनयुक्त शेपटी झिजवितात, त्याच्या दुसऱ्या टोकावरील टोपी काढली जाते व संदेश हळूहळू नाश पावतो. प्रथिननिर्मितीस होणारा थेट अडथळा किती व संदेशनाशाचा वाटा किती, याविषयी बराच काळ वाद होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार प्रथिनांत पडणाऱ्या घटीचा फार मोठा भाग संदेशनाशाने होतो. हा प्रत्येक परिणाम सहसा सौम्य असतो, पण त्यांची संख्या मोठी आहे. मनुष्यातील प्रथिने घडविणाऱ्या जीनांपैकी निम्म्याहून अधिक जीनांच्या संदेशांवर मायक्रो-आरएनएसाठी उत्क्रांतीत टिकून राहिलेल्या जागा आहेत.

हे दोन मार्ग वस्तुतः एकच आहेत, याचा पुरावा २००२ मध्ये मिळाला. मानवी कोशिकांच्या अर्कात मूळचाच असलेला लेट-७ घेऊन त्याला पूर्णपणे पूरक असा संदेश पुरविला असता त्याने तो हस्तक्षेपी आरएनएप्रमाणे तोडला. तात्पर्य, तोडायचे की नुसते दाबायचे, हे रेणूच्या उगमावर नव्हे तर जुळणीच्या पूर्णतेवर अवलंबून असते. संश्लेषित लघु आरएनए सस्तन कोशिकेत कार्य करतात ते त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा असल्याने नव्हे. मायक्रो-आरएनएंची जी यंत्रणा अहोरात्र चालू असते, तिच्यात ते उपरे म्हणून शिरतात.

या उपरेपणातूनच तंत्राचे बहुतेक दोष उद्भवतात. हस्तक्षेपी आरएनए हा मायक्रो-आरएनएसारखाही वागू शकतो. ज्या संदेशांशी त्याच्या बीजाची योगायोगाने जुळणी होते, तेही मंदावतात. ही गोष्ट २००३ मध्ये उघड झाली. तोवर प्रसिद्ध झालेल्या किती प्रयोगांत इष्ट जीनाऐवजी भलत्याच जीनाचा परिणाम मोजला गेला, हे सांगणे कठीण आहे. तेव्हापासून एकाच जीनाविरुद्ध निरनिराळे दोन-तीन लघु आरएनए वापरून तोच परिणाम मिळाल्याशिवाय आणि शमनास दाद न देणारी जीनाची प्रत घालून परिणाम नाहीसा झाल्याशिवाय निष्कर्ष ग्राह्य मानू नये, असा दंडक पडला आहे. दुसरा दोष यंत्रणेवर पडणाऱ्या भाराचा होय. २००६ मध्ये उंदरांच्या यकृतात पिनेसारखे आरएनए मोठ्या प्रमाणावर निर्माण करविले गेले. तपासलेल्या ४९ रचनांपैकी ३६ रचनांनी यकृतास इजा केली व २३ रचनांमुळे उंदीर मेले. बाहेरच्या रेणूंनी एक्सपोर्टिन-५ सारखे मोजके वाहक अडवून धरल्याने यकृताच्या स्वतःच्या मायक्रो-आरएनएंची कोंडी झाली होती.

तिसरा दोष जुन्या अडचणीचाच अवशेष म्हणावा लागेल. लघु रेणू धोक्याची घंटा वाजवीत नाहीत, हे कोशिकेच्या आतील बाजूपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. तथापि कोशिकेच्या पृष्ठभागावरील व तिच्या पुटिकांतील काही संवेदी प्रथिने त्यांनाही ओळखतात. दृष्टिपटलाच्या विकारावर अशा आरएनएच्या वैद्यकीय चाचण्या २००४ पासून सुरू झाल्या होत्या. रक्तवाहिन्यांची अनिष्ट वाढ करणाऱ्या जीनाचे शमन होऊन गुण येईल, अशी त्यांमागील कल्पना होती. परंतु २१ वा अधिक न्यूक्लिओटाइडांचा कोणताही द्विसूत्री आरएनए, त्याचा क्रम काहीही असला तरी, उंदराच्या डोळ्यात हाच परिणाम घडवितो, असे २००८ मध्ये आढळून आले. म्हणजे औषध लागू पडत असले, तरी ज्या कारणाने ते दिले जात होते त्या कारणाने नव्हे.

वैद्यकीय उपयोग : उघडा आरएनए रक्तात टिकत नाही. रक्तातील एंझाइमे त्याचे तुकडे करतात, मूत्रपिंडे त्याला गाळून टाकतात आणि ऋण विद्युत् भार असलेला एवढा मोठा रेणू कोशिकापटलातून आपण होऊन आत जाऊ शकत नाही. कोणता जीन मुका करायचा, यापेक्षा रेणू तेथवर पोहोचवायचा कसा, हाच प्रश्न अधिक बिकट ठरला. शर्करेच्या दुसऱ्या कार्बनावर मिथॉक्सी गट वा फ्ल्युओरीन जोडून आणि काही फॉस्फेटांतील ऑक्सिजनाच्या जागी गंधक घालून रेणू टिकाऊ करता आला. या फेरफारांनी संवेदी प्रथिनांनाही बऱ्याच अंशी चुकविता येते.

पहिले यश ट्रान्सथायरेटीन या प्रथिनाच्या आनुवंशिक विकारात मिळाले. थायरॉक्सिनाच्या व अ जीवनसत्त्वाच्या वहनाशी संबंधित असलेले हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते. त्याच्या जीनात दोष असल्यास त्याचे तंतू तंत्रिकांत व हृदयात साचून हातापायांची संवेदना व शक्ती जाते आणि रुग्ण काही वर्षांत दगावतो. पोर्तुगाल, स्वीडन व जपान यांच्या काही भागांत हा विकार विशेष आढळतो. पूर्वी यकृताचे प्रतिरोपण हाच मुख्य उपाय होता. पॅटिसिरान या औषधात ट्रान्सथायरेटिनाच्या संदेशाविरुद्धचा लघु आरएनए मेदांच्या अतिसूक्ष्म गोलकांत भरलेला असतो. रक्तातील एका प्रथिनाचे आवरण चढल्याने हे गोलक यकृताच्या कोशिकांत ओढले जातात. दर तीन आठवड्यांनी ते शिरेतून देतात. २२५ रुग्णांवरील चाचणीत १८ महिन्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांच्या तंत्रिकाविकारात सुधारणा झाली; निरौषधी द्रव घेणाऱ्यांत हे प्रमाण अगदीच अल्प होते. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत व यूरोपात या औषधास मान्यता मिळाली.

गोलकांऐवजी लघु आरएनएला गॅलॅक्टोजापासून बनलेल्या एका ॲमिनो शर्करेचे तीन रेणू जोडण्याची युक्ती पुढे अधिक सोयीची ठरली. ही शर्करा ओळखून आत घेणारे ग्राही प्रथिन यकृताच्या कोशिकांवर विपुल असते, त्यामुळे त्वचेखाली साधे अंतःक्षेपण पुरते. गिव्होसिरान (२०१९) हे पॉर्फिरिया या रक्तरंजकाच्या निर्मितीतील दोषावर, तर लुमासिरान (२०२०) हे मुतखड्यांनी मूत्रपिंड निकामी करणाऱ्या एका आनुवंशिक विकारावर वापरतात. इन्क्लिसिरान हे रक्तातील घातक प्रकारचे कोलेस्टेरॉल सु. निम्म्याने उतरविते आणि आरंभीच्या दोन मात्रांनंतर वर्षातून दोनदाच द्यावे लागते. यूरोपात त्यास डिसेंबर २०२० मध्ये व अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. विरळ विकारांच्या पलीकडे जाऊन सामान्य रुग्णासाठी निघालेले या वर्गातील हे पहिले औषध होय. त्याचा प्रभाव सहा महिने टिकतो, कारण आत घेतलेला आरएनए कोशिकेच्या पुटिकांत साठून राहतो व तेथून थोडाथोडा झिरपत असतो.

आजवर मान्यता पावलेली या वर्गातील औषधे यकृतातील जीनांविरुद्धची आहेत. अन्य अवयवांसाठी शर्करेसारखी सोयीची खूण अद्यापि हाती लागलेली नाही. मेंदूसाठी १६ कार्बनांची मेदी साखळी जोडलेले लघु आरएनए मेरुरज्जूभोवतालच्या द्रवात सोडण्याचे प्रयोग प्राण्यांत यशस्वी झाले असून (२०२२) अल्झायमर विकाराच्या संदर्भात त्यांच्या मानवी चाचण्या हाती घेण्यात आल्या आहेत. स्नायूंसाठी प्रतिपिंडांना जोडलेल्या लघु आरएनएंची तपासणी चालू आहे. कर्करोगाच्या गाठींत मात्र रेणू सर्व कोशिकांपर्यंत पोहोचत नाहीत आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचतात त्या कोशिका झपाट्याने विभागून त्यांना विरळ करतात. त्यामुळे तेथील प्रगती मंद आहे.